बांधलेले गुडघे

आई,

बाळ झोपलंय तोवर लिहिते. मुलगी झाली हे कळवलंच आहे. कळवलं नाही ते हे, की बाळंत होताना मी खाली फाटले, पार मागपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी लगेच टाके घातले. काल त्यांनी सरळ विचारलं, "संडास, वारा धरून ठेवता येतो ना?" ते ऐकलं आणि एकदम तूच डोळ्यांपुढे आलीस.

लग्नघरात दाराशी बसणारी, गप्पा रंगल्या की उठून जाणारी. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असं बाबा चारचौघांत म्हणायचे आणि आम्ही पोरं तुला भिंगरी म्हणून खिदळायचो. तू मात्र जपून हसायचीस. का, ते आत्ता कळतंय, आणि जिवाला चैन नाही.

माझ्या वेळी सुईणीने तुझे गुडघे फडक्याने बांधून ठेवले होते, हे मावशीने सांगितलेलं. फाटलेलं आपोआप जुळेल म्हणे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्वी पुष्कळ ठिकाणी तसंच करायचे. जुनी जखमही आता शिवता येते, पण बायका सांगतच नाहीत.

तुला हे लिहून काय उपयोग? तुझी पत्रं बाबा वाचून दाखवतात, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. म्हणून हे फाडते आणि त्यांनाच दोन ओळी टाकते: "बाळाला बघायला कुणी नाही, आईला ताबडतोब पाठवा. गाडीत तिला दाराजवळची जागा बघून द्या."

तुला फाडून आलेली,
तुझी थोरली