बाकावरच्या वह्या

४ जानेवारी
पोचलो! सहा तास बस, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. पण समोर तळं, काठाला दवाखाना, आणि दवाखान्यात माझी तेम्वा! तिची नर्स म्हणून इथं नेमणूक झाली आणि मी तिसऱ्या वर्षाला डॉक्टरकीचं कॉलेज सोडलं. बाप म्हणाला, लुसुंगू, डोकं चुलीत घाल. घातलं. आता मी इथला नाव पुकारणारा कारकून. तेम्वानं कपाळाला हात लावला, म्हणे, "अर्धा डॉक्टर आला, आता पेशंटही अर्धेच बरे होणार!" हसली मात्र.

९ जानेवारी
काम सोपं. सकाळी लोक आपापली दवाखान्याची वही बाकावर ओळीनं ठेवतात आणि आंब्याखाली गप्पा हाणत बसतात. वही रांगेत म्हणजे माणूस रांगेत. मंत्र्याची वही असली तरी पुढे सरकवायची नाही. मी नाव घेतलं की माणूस "आलो" म्हणतो. कुणी मेलं की घरचे वही मागून नेतात, प्रेताबरोबर पुरतात. त्याची रांग संपली.

१५ जानेवारी
डॉक्टर कोंडोवे डॉक्टरकी सोडतायत. बेचाळिसाव्या वर्षी! गेल्या पावसात एका पोरीला घाईत तपासलं, ती गेली. तेव्हापासून सोडू की नको चाललंय. आज म्हणाले, अर्ध्यावर उठणार नाही, पण ज्या दिवशी संध्याकाळी बाकावर एकही वही उरणार नाही त्या दिवशी कोट काढेन. ते गेले की दवाखान्याला कुलूप आणि तेम्वाची बदली. मग मी काय तळ्यात मासे मोजू?

२२ जानेवारी
केलं. या आठवड्यात इथं पाच जण गेले. घरच्यांना सांगितलं, वही सापडत नाही. एक म्हातारी म्हणाली, "शोध रे पोरा. वही वर राहिली तर तो रांगेतच राहील." त्या पाच वह्या मी रोज ओळीत सरकवतो. नाव पुकारतो, वाट बघतो, वेळ जातो. बाक रिकामा होत नाही. डॉक्टर थांबलेत.

२९ जानेवारी
आज वेझी कामांगा पुकारला. कोळी, त्या पाचातला, गेल्या आठवड्यात पुरलेला. आंब्याखालून उत्तर आलं, "आलो."
कुणाची तरी चेष्टा. पण डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं, मिटलं. उंबऱ्यावर ओली लाल माती.

३१ जानेवारी
पाचही येतात. मला दिसत नाहीत, फक्त डॉक्टरांना. डॉक्टर रिकाम्या खुर्चीला नळी लावून ऐकत बसतात. आज त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. सगळे एकच विचारतात म्हणे, तेव्हा नीट का नाही बघितलंस? म्हणाले, वह्या देऊन टाक, मला सुटू दे.
मी म्हटलं, उद्या.

२ फेब्रुवारी
तेम्वाला पहाटेपासून जुलाब. डोळे खोल गेलेत. नर्स असून वही शेवटी ठेवली. मी पुढे घेतली तर हात झटकला, "चल हट, नियम तो नियम!"
पुढे ते पाच. त्यांच्या वह्या उचलून फेकल्या— पण ते आत शिरले होते— दार उघडेना— मी लाथा घातल्या—

दुपार
गेली. बाकावरच. तिचं नाव पुकारलंच नाही मी.

३ फेब्रुवारी
डॉक्टर पळाले. अनवाणी. कोट खुर्चीवर.
पाच वह्या पुरून आलो. तेम्वाची आई दारात— "दे रे बाळा, लेकीला जाऊ दे—"
सापडत नाही म्हटलं. वहीशिवायच पुरली तिला. शर्टात आहे. अजून ओली—
द्यायला हवी. कळतं मला.

डॉक्टरांचा कोट घातला, म्हणजे मलाही दिसेल ती. बाकावर एकच वही. एकदाच पुकारतो. तोंड बघतो नि देतो, शप्पथ—

"आले," म्हणाली. आंब्याखालून. उंबऱ्यावर माती— खुर्ची ओढली— हसत नाहीये— विचारतेय, काल माझं नाव का नाही