कवरत्तीची पांढरी वाळू

कवरत्ती, लक्षद्वीप
१२ एप्रिल १९९६

आक्का, तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा हाय. हितं मासळी-भात पोटभर मिळतो, भाकरी तेवढी न्हाय.

आमचं बोटीच्या धक्क्याचं काम अडलंय. हितली वाळू शिंपल्यांची आन पोवळ्याची, दुधासारखी पांढरी. कण टोकदार, एकमेकांत अडकत्यात, म्हणून पक्की वाटती. पर कण आतनं पोकळ. लई वजन आलं की चुरा हुतो. आपल्या निरवांगीला नीरा नदीची वाळू गोल, पर टणक. मेंढरं पाण्यावर सोडून तू मला त्या वाळूत बसवून घास भरवायचीस. सारखं आठवतं बघ.

साहेब म्हणाले, "खांब उभे आहेत, स्लॅब टाका."

मी म्हणलो, "आधी एका खांबावर वजन ठेवून बघू."

ठेवलं, तर खांब वीतभर खाली गेला. साहेबांनी खांबाभवती फिरून बघितलं. मग म्हणाले, "सगळे खांब परत खोल रोवायचे. थांबशील ना?"

त्या धक्क्यावर उद्या लेकुरवाळ्या बाया उतरणार. मी व्हय म्हणलो.

म्हणून मनिषाच्या लग्नाला मला येता येत न्हाय. मामा म्हणून तिच्या पाठीशी चुलतभाऊ भिमाला उभा कर. लई रागावंल का गं पोरगी? दाजींचा गुडघा कसा हाय?

पावसाळ्यात हितल्या बोटी बंद असत्यात. दिवाळीला निघालो की आधी मनीच्या सासरी जाईन, मग तुझ्याकडं. तिच्या गावाला कुठली यष्टी जाती, तेवढं लिहून कळव.

तुझाच धाकटा,
सिद्धू