रेतीवरची चूल

घाटटोली, भंडारा
८ जानेवारी २०१७

रुखमिणी आत्या, पाया पडते.

मी दीपमाला, तुझ्या भावाची मोठी मुलगी. लहानपणी मी तुला ‘तू’च म्हणायचे, म्हणून तसंच लिहिते आहे. इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, पण पाणी भरायला दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही. धर्मेंद्र भंडाऱ्याला मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानात लागला आहे. मी मागच्या वर्षी बी.ए. झाले, इतिहास घेऊन. आपल्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे आईने गावभर पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्याही घरी पाठवले.

फोन दोनदा केला होता. नाव सांगितल्यावर तू ठेवून दिलास. पत्र तसं ठेवून देता येतं, पण मग कधीतरी उचलूनही वाचता येतं, म्हणून लिहिते आहे.

काम असं आहे की फेब्रुवारीत आपल्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे. त्यानिमित्त गावाच्या इतिहासाची एक पुस्तिका छापायची ठरली आणि हेडमास्तरांनी ती मला लिहायला सांगितली. मी लगेच हो म्हटलं. कॉलेजात राजे, लढाया, तह सगळं शिकले, पण मी जिथे वाढले त्या घाटाबद्दल कुठल्याही पुस्तकात एक ओळ नव्हती. तू आता गाव पाहिलंस तर तुला ओळखू येणार नाही. भंडारा शहर आपल्या दारापर्यंत आलं आहे. आंब्याच्या झाडांच्या जागी मंगल कार्यालय आहे, शेतात प्लॉट पडलेत, ऑटो थेट शंकराच्या देवळापर्यंत येतो. खाली धरण झाल्यापासून वैनगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर थांबलेलंच असतं. उन्हाळ्यातही उतरत नाही. रेती उघडी पडून कितीतरी वर्षं झाली. शाळेतल्या लहान मुलांना मी विचारलं, नदीत रेती असते हे माहीत आहे का? एक मुलगी म्हणाली, “रेती तं ट्रकमंदी असते.”

म्हणून मला रेतीवर वेल लावून केलेल्या डांगरवाड्यांबद्दल लिहायचं आहे. आपल्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरांकडे सातबारा कधी नव्हता. आपली जमीन दिवाळीनंतर पाण्यातून वर यायची आणि पावसाळ्यात परत जायची. तिच्यावर टरबूज, डांगर, काकड्या घेऊन गाव जगलं. पण ती वाटत कसे होते हे नीट कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी भैयाजींकडे गेले. पूर्वी नदीत डोंगा चालवायचे आणि रेतीचे वाटेही करायचे, तेच भैयाजी. आता म्हातारे झालेत, अंगणात ऊन घेत जाळं विणत बसतात. त्यांनी सांगितलं ते असं.

कार्तिकी पुनवेला ज्याला वाटा पाहिजे त्या घराने संध्याकाळी रेतीवर चूल मांडायची. मासोळी-भात तिथेच रांधायचा, तिथेच झोपायचं आणि सूर्य निघेपर्यंत निखारा राखायचा. सकाळी भैयाजी डोंग्याचा वासा घेऊन निघायचे. ज्या चुलीत विस्तव तिला वाटा, वाशाने मोजून. मोठं घर, लहान घर असा भेद नाही.

मी विचारलं, “अन् परत आलेल्या लेकीबायांचं?”

“तिलेबी हक्क होता. तिनं आपली चूल लावाची. तिचा वाटा भावाच्या वाट्यातून निघे. म्हून तिची चूल इझवाचा हक्क बापाले नाहीतं भावालेच. दुसऱ्या कोनाले नाही. दुसऱ्यानं इझवली तं ते इझवनं धरतच नव्हतो आमी.”

“अशी कुणाला दिली होती का?”

भैयाजींनी जाळ्यात डोकं घातलं. विषय शाळेवर नेत म्हणाले, “लिव, लिव. शायेचंबी लिव.”

घरी येताना विमलाबाईने ओसरीवरून हाक मारली. तिला सगळं ऐकू जातं, तुला माहीतच आहे. ती म्हणाली, “म्हाताऱ्याले काय इचारतेस? तुह्या आत्यानं लावली होती ना चूल. तुह्या बापानं इझवली. सारं गाव जानते.”

आत्या, मी तेव्हा लहान होते. गोधडीत झोपले होते आणि उठले तेव्हा तू तिथे नव्हतीस, एवढंच आठवतं. विमलाबाईच्या तोंडचं ऐकून मला लिहायचं नाही. जिच्याबद्दल लिहायचं तिला आधी विचारावं, हे मला बरोबर वाटतं. खरं काय झालं ते कळवशील का? दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. आणि तुला हे छापलेलं नको असेल तर तसंही सांग.

दीपमाला

घाटटोली
२९ जानेवारी २०१७

रुखमिणी आत्या, पाया पडते.

पत्राचं उत्तर आलं नाही. पण आपल्या गावचे टेकचंदभाऊ वरठीला पोलादाच्या कारखान्यात जातात आणि तुझ्या खानावळीत जेवतात, ते परवा भेटले. म्हणाले की तू पत्र उभ्याउभ्याच वाचलंस आणि त्यांना विचारलंस, “पोरगी खरंच बी.ए. झाली का?” ते हो म्हणाले तर म्हणालीस, “मंग अक्षर तरी सुदरवाचं होतं.” हे पत्र मी हळूहळू लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी स्वतःहून बाबांबद्दल एक ओळ लिहिली नाही. ते तुझ्या लक्षात आलं असेल. ते गेले तेव्हा तुला निरोप पोचला होता हे मला माहीत आहे, आणि तू आली नाहीस याचा मला राग होता. पुस्तिकेचं निमित्त नसतं तर मी तुला लिहिलंही नसतं. ते आता लपवायचं कारण राहिलं नाही.

तुझं उत्तर येईना म्हणून मी सगळं माझ्या मनाने लिहून काढलं. वाट्याची पद्धत लिहिली. मग लिहिलं की एका वर्षी नवऱ्याने दुसरी केली म्हणून सिहोऱ्याहून परत आलेल्या एका लेकीने रेतीवर चूल लावली होती आणि तिच्या सख्ख्या भावाने ती विझवली. तुमचं दोघांचंही नाव घातलं नव्हतं. बाप म्हणून त्यांना वाचवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. इतिहास लिहायचा तर घरापासून खरं लिहावं, असं वाटत होतं.

लिहिलेलं मी आईला वाचून दाखवते. ती सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. त्या वाक्यावर सूप थांबलं.

“खोड ते,” ती म्हणाली.

“खरं आहे ना पण?”

“खोड मनते ना. त्यानं नाही इझवली. म्या इझवली.”

मला वाटलं ती बाबांचं नाव वाचवते आहे. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “बी.ए. झाली तं मायले खोटं पाडतेस का? बस इथं.”

मग तिने सांगितलं. त्या साली नदीने रेती पलीकडच्या काठाला टाकली होती, आपल्या बाजूला थोडीच आली होती. आमचा वाटा तसाही लहान होणार होता आणि त्यातून तुझा निघाला असता तर अर्धा झाला असता. मला जूनमध्ये गावच्या शाळेतून काढून भंडाऱ्याच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. उजाडायच्या आधी तू नदीवर तोंड धुवायला गेलीस, बाबा घोंगडी पांघरून पडले होते. आई उठली आणि पिण्याच्या पाण्याची कळशी तुझ्या चुलीत उपडी केली. तू परत आलीस तेव्हा राखेतून वाफ निघत होती. आई म्हणते, तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस. बाबांकडे पाहिलंस.

तेवढ्यात भैयाजी वासा घेऊन आले. त्यांनी विचारलं, “कोनं इझवली?” आईने विझवली असं कुणी म्हटलं असतं तर पद्धतीप्रमाणे ते विझवणं धरलंच नसतं. तुझा वाटा तुला मिळाला असता. बाबा घोंगडीतून उठले आणि म्हणाले, “मी.” भैयाजी पुढच्या चुलीकडे गेले.

आई म्हणाली, “त्याचं बोलनं ऐकून मले बरं वाटलं, हे लिव तुह्या इतिहासात.”

मी आईला विचारलं की तिने बाबांना नंतर काही म्हटलं का. ती म्हणाली, “काय मनू? त्यानं एकदाबी तोंडावर आनलं नाही. तेच जड गेलं.” माझ्या शिक्षणाचं तिने सांगितलं, पण सबब म्हणून नाही. जसं झालं तसं सांगितलं. मला मात्र ते तसं ऐकता आलं नाही. मी ज्या शाळेत गेले, ज्या एस.टी.च्या पासने तिथे गेले, ते सगळं त्याच रेतीतल्या डांगरांतून आलं. आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आले की आईबाबांनी कष्ट करून शिकवलं. ते खोटं नाही. पण पुरतंही नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, चल भैयाजीकडे. गुडघे धरत गेली. भैयाजी अंगणातच होते.

“भैयाजी, रुखमिणीची चूल म्या इझवली होती.”

त्यांचा हात चालूच होता. “हेमराज मनला का मी इझवली.”

“तो खोटं बोलला.”

“काहून?”

“मी त्याची बायको होती म्हून. आनखी कायले बोलन?”

भैयाजींनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाले, “मंग तो वाटा तिचा होता. मी तिची चूल सोडून पुढं गेलो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “माह्या हातून कोनाचा वाटा चुकला नाही असं मी साऱ्याइले सांगत आलो. आता लिवशीन तं माहं नाव घालून लिव. रुखमिणीचंबी घाल.”

“पण भैयाजी, आता रेतीच नाही,” मी म्हटलं.

“रेती नाही. पन वाटा होता.”

मी ते पान परत लिहून हेडमास्तरांकडे नेलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले की गावाचा इतिहास म्हणजे घरची भांडणं नव्हेत, पाहुणे येतील, आमदार येतील, चांगलं चांगलं लिहावं. मी त्यांना म्हटलं, सर, ज्या गावाकडे जमिनीचा कागदच नव्हता तिथे कुणाला वाटा मिळाला आणि कुणाला नाही, हाच इतिहास आहे. ते चिडले नाहीत. म्हणाले, “ज्या बाईबद्दल आहे तिची हरकत नसेल तर ठेव. नाहीतर पान काढ. शनिवारी छापायला जातं.”

मी लिहिलेलं असं आहे: “सन २००१ च्या कार्तिकी पौर्णिमेला रुखमिणी यांनी रेतीवर चूल लावली. ती विझवण्याचा हक्क ज्यांना नव्हता त्यांनी ती विझवली आणि ज्यांना होता त्यांनी विझवल्याचं खोटं सांगितलं. भैयाजी यांच्या म्हणण्यानुसार त्या वर्षीचा एक वाटा रुखमिणी यांचा होता. तो गावाने त्यांना दिला नाही.” आईचं नाव मी घातलं नव्हतं. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, “ज्यांना, ज्यांना काय? निर्मला लिव.” मी लिहिलं. लिहिताना बरं वाटलं नाही, हेही तुला सांगते. माझी आई आहे ती.

हे छापून तुझं काय भलं होणार, असं मी स्वतःला विचारते. काही नाही. तुझी खानावळ तू स्वतः उभी केलीस, त्यात आमचं काही नाही. पण गावात आजवर सगळे म्हणतात की रुखमिणीने मागितलं ते तिचं नव्हतं, भावाने पद्धतीप्रमाणे नाही म्हटलं. ते तसं राहू नये असं मला वाटतं. तुला तसंच राहिलेलं चालत असेल, तर ते पान मी काढते. त्याने माझी विद्या कमी होत नाही.

आता खरं लिहायचं ते. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. ते आईच्या हाती देते आहे. उद्या ती ते घेऊन वरठीला येईल. मी येते म्हटलं तर म्हणाली, “पानी टाकाले कोनी सोबत आलं होतं का?” ती दुपारच्या पंगती उठल्यावर येईल, तुझं काम असताना नाही. तिला दारात उभं ठेवायचं, बसवायचं की परत पाठवायचं, ते तूच ठरव. परत पाठवलंस तरी मला तुझा राग येणार नाही. बाबांच्या वेळचा होता तोही आता नाही.

एक विनंती आहे. तुझ्या दारापुढचा चढ तिला गुडघ्यांमुळे चढवत नाही, तेवढं पाहा.

तुझ्या वाट्याच्या रेतीवर शिकलेली,
दीपमाला