दुमडीतला निळा पट्टा

मालन,

तुझ्या शाळेच्या स्कर्टची मी वाट लावली गं. शिवण उसवून लांब केल्यावर दुमडीतला पट्टा गडद दिसायला लागला, म्हणून अख्खा स्कर्ट रंगवला. रंग दोन्हीकडे सारखाच चढला, त्यामुळे फरक तसाच राहिला. बीएस्सी होऊन हे आधी सुचलं नाही.

गणवेशात सगळ्या सारख्या दिसतात, असं बाई म्हणतात. कुणाचा स्कर्ट तिसऱ्या वर्षी चालू आहे, ते मात्र या पट्ट्यावरून लगेच कळतं.

स्कर्ट अजून ओला आहे. आज पिवळा फ्रॉक घालून जा. बाबांची बंद पडलेली गिरणी पुन्हा उघडेपर्यंत त्यांना यातलं काही सांगू नकोस. मी साकीनाक्याला लॅबमध्ये रजा सांगून बाईंना भेटायला येते. तुला वर्गाबाहेर उभं केलं, तर मीही शेजारी उभी राहीन.

ताई