किल्ल्या सांभाळून मिळतील

ती. वहिनींस,
नमस्कार.

पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की मी माझ्याच घराच्या बंद दाराबाहेर जिन्यात बसले आहे. फोन आत आहे, पर्स आत आहे, गॅसवर काही नाही (माझ्याबद्दल काहीही म्हणा, पण गॅस मी बंद करते). तुमचा गुडघा कसा आहे? दादाचा खोकला थांबला का? आपले बोलणे बंद असल्यामुळे या गोष्टी मला तिसऱ्याच माणसांकडून कळतात, आणि गेल्या महिन्यात त्यांनी गुडघा दादाचा आणि खोकला तुमचा करून टाकला होता. कागदाबद्दल राग मानू नये. हातात माझ्या धंद्याची पत्रके तेवढी होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत आहे. छापील बाजू वाचायची गरज नाही.

धंदा उत्तम चालला आहे. हे आधी सांगते, कारण तो चालणार नाही असे तुम्ही सांगितले होते, तेही चारचौघांत. "बी. ए. झालेल्या बाईने लोकांच्या किल्ल्या सांभाळायच्या? शेजाऱ्याची किल्ली शेजारी ठेवतोच की, त्याचे कसले पैसे?" असे तुमचे शब्द होते. वहिनी, शेजारी किल्ली ठेवतो आणि आपण गावाला गेलो की घरात जाऊन कपाटेही बघून येतो. मी बघत नाही. पैसे त्याचेच आहेत. निवृत्तीनंतर बायका भरतकाम करतात. मी पुढच्या खोलीत लोखंडी कपाट आणले, आत खिळे मारून घेतले, आणि आज या इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांच्या जादा किल्ल्या त्या खिळ्यांवर आहेत. एका गृहस्थांनी तर अशी किल्ली आणून दिली आहे जिचे कुलूप कुठले हे त्यांनाच माहीत नाही. मी म्हटले, मग सांभाळायची कशाला? म्हणाले, "हरवली आणि मग कुलूप सापडलं तर?" मी ती खिळ्यावर अडकवली.

माझा नियम एकच. किल्ली मागायला येणाऱ्याने दारात उभे राहून विसरण्याचे कारण सांगायचे. मी ते ऐकून 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' एवढेच म्हणते. किल्ली दोन्ही वेळा मिळते, पण निकाल ऐकल्यावर. वरच्या मजल्यावरचा बँकेतला कारकून महिन्यातून चारदा यायचा. "मावशी, घाईत राहिली." मी म्हटले, "घाई सगळ्यांनाच असते. तुमच्या बायकोलाही असते, तिची कधी राहत नाही." तेव्हापासून तो किल्ली गळ्यात घालून फिरतो, म्हणजे एक गिऱ्हाईक सुधारले आणि गेले. पहिल्या मजल्यावरच्या नवराबायकोंचे भांडण झाले तेव्हा तो सांगून गेला, "हिला किल्ली देऊ नका." ती सांगून गेली, "ह्यांना देऊ नका." मी दोघांचेही ऐकले. दोघे तासभर याच जिन्यात बसले, मला नावे ठेवता ठेवता त्यांचे एकमत झाले, आणि दोघे हसत हसत किल्ली बनवणाऱ्याला बोलवायला गेले.

या किल्लीवाल्याबद्दल सांगायला हवे. कोपऱ्यावर त्याची टपरी आहे. मी धंदा सुरू केल्यापासून इमारतीतून त्याला बोलावणेच येत नाही (ते जोडपे वगळता), त्यामुळे मी दिसले की तो कानस जरा जोरात चालवतो. ह्याच माणसाने मला माझ्या दाराचे कुलूप विकले होते. दार ओढले की आपोआप लागते. "ताई, हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही," असे त्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते, आणि मी ते जाहिरातीत वापरले होते, बाप वगळून.

आता आजची हकीकत. सकाळी रंगाऱ्याने नवी पाटी आणून दिली. मजकूर माझाच: 'किल्ली विसरणे हा अपघात नव्हे, स्वभाव आहे.' दुपारी ती दाराबाहेर लावली आणि सरळ लागली आहे की नाही हे लांबून बघावे म्हणून चार पायऱ्या उतरले. वाऱ्याने दार लागले. पाटी सरळ आहे. दुपारपासून मी तिच्यासमोरच बसले आहे, त्यामुळे याबद्दल खात्रीने सांगू शकते.

लाज गिळून किल्लीवाल्याला बोलावले. त्याने आधी पाटी वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग कुलूप बघितले. "ताई, फोडावं लागेल."
"आवाज होईल?"
"रस्त्यापर्यंत जाईल."
"दुसरा उपाय?"
"दुसरी किल्ली." आणि हसला. "तुम्ही ठेवली असेलच ना कुणाकडे?"

संध्याकाळी वरची नर्स ड्यूटीवरून येईल. ती हल्ली किल्ली बरोबर नेतच नाही, माझ्याकडेच ठेवून जाते; माझ्यावर एवढा विश्वास कुणी दाखवला नव्हता. ती आली, की माझ्या कपाटातली तिची किल्ली बंद दाराआड, मी दाराबाहेर, आणि आमच्या दोघींच्या मध्ये ती पाटी. रात्रीपर्यंत सगळे आपापल्या किल्ल्या परत मागतील, आणि मला कुणालाच असमाधानकारक म्हणता येणार नाही.

असो. बाकी क्षेम. दादाला नमस्कार.

तुमची,
नणंद

ता. क. पूर्वी तुमच्याकडे माझ्या घराची एक किल्ली ठेवली होती. 'धंद्याच्या जागेची किल्ली बाहेर असणे योग्य नाही' असे मी कळवले, स्मरणपत्रे पाठवली, आणि शेवटच्या पत्रात 'देववत नसेल तर फेकून द्या' असेही लिहिले. आपला अबोला त्यावरूनच. वहिनी, माझे काहीही ऐकायचे नाही हा तुमचा जुना स्वभाव आहे. मी त्याला आजवर दोष देत आले. आज माझी सगळी भिस्त त्यावरच आहे.

ता. क. दुसरा. पत्र घेऊन येणारे गृहस्थ किल्लीवालेच आहेत, स्कूटर त्यांची आहे. मोबदल्यात माझ्या दारावर त्यांच्या टपरीची पाटी लागणार आहे. त्यांच्याशी फार बोलू नये, ते हेच सगळे मीठमिरची लावून सांगतील.

किल्लीवाल्यांच्या हाती दिले: पत्र एक. पाटी एक, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उघडू नये.

*

वन्सं,
पत्र पोचले. मागची छापील बाजू वाचली. नियमाप्रमाणे कारण तपासले: असमाधानकारक.
किल्लीवाल्यांच्या हाती दिले: किल्ली एक. ती वापरून झाल्यावर माझ्याकडे परत आणून द्यायची, स्वतः. गुडघा माझा आहे, खोकला ह्यांचा.
पाटी उघडली. आमच्या दिवाणखान्यात छान दिसते. परत मिळणार नाही.