अर्धा वाटा

५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दुधाच्या प्रथिनांच्या पावडरीचा डबा पोचला असेल. अप्पांना खुर्चीतून उठायला दुसऱ्याचा हात लागतो, हे सुट्टीत पाहिलं. जन्मभर लोकांच्या घड्याळांना किल्ली देणाऱ्या माणसाची स्वतःचीच किल्ली उतरलेली! डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज एक माप कोमट दुधातून, आणि जोडीला खुर्चीतून ऊठबस करायचा व्यायाम. व्यायामाशिवाय पावडर म्हणजे पाठांतराशिवाय संस्कृतची परीक्षा. त्याचे निकाल मी वर्गात दरवर्षी पाहतो.

आईला मात्र यातला कणही नको. तिच्या नाजूक मूत्रपिंडांना प्रथिनांचा भार सोसायचा नाही, हे तुला मी काय सांगावं.

तू दिवसभर शिलाई मशीनवर, तेव्हा दूध कालवायचं काम अप्पांकडेच दे. एका बिस्किटाचे दोन सारखे तुकडे करून एक आईच्या बशीत ठेवणारा गृहस्थ. मापात चुकायचा नाही.

लोभ असावा, आणि डबा कोरडा असावा.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग पुढे वाच. आईला दवाखान्यात ठेवलंय. पाय सुजून चप्पल चढेना. रक्त तपासलं तर मूत्रपिंडांचे आकडे कुठल्या कुठे गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? मी छातीठोकपणे सांगितलं, काही नाही. तेव्हा शेजारी उभे असलेले अप्पा म्हणाले, ती पावडर तेवढी.

अरे, पहिल्या दिवसापासून ते माप सुरीने सपाट करून, मधोमध रेघ ओढून, अर्धं आईच्या दुधात घालत होते! मी सगळ्या वॉर्डासमोर त्यांच्यावर ओरडले. तर म्हणाले, दुधाचीच होती ना, मला वाटलं औषध नाही, खाऊच आहे. आणि एकट्याने ताकद घेऊन मी जाणार कुठे? डॉक्टर म्हणतात, सगळा दोष पावडरीचा नाही, पण दुखण्यात भर पडली. मूत्रपिंडं सावरतील का, हे त्यांनाही आज सांगता येत नाही.

मला काही सुचत नाही. लोभाचं नंतर पाहू, आधी ये.

धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वर्गात वाचलं. हातात खडू तसाच, आणि मुलं माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बिस्किटाचा विनोद लिहिताना डबा माझ्या डोळ्यांसमोर होता, तरी हे सुचलं नाही गं! संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. या जोडप्याला एकवचन कधी जमलंच नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगायचं?

शनिवारी निघतो. अप्पांना आता काही बोलू नकोस. ते जेवले का, तेवढं बघ.

तुम्हा सगळ्यांचा,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू गेलास आणि आई घरी आली. आकडे उतरले आहेत. पूर्वीइतके नाहीत, पण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली.

अप्पांनी मात्र डबा माळ्यावर टाकला, व्यायामही सोडला. पुन्हा खुर्चीचे हात धरून उठू लागले. काल मी आईला विचारलं, तुला दुधाची चव वेगळी लागली नाही? म्हणाली, पहिल्याच घोटाला कळलं. मी थक्क! मग बोलली का नाहीस? तर म्हणे, मी कप परत केला असता तर त्यांनीही सोडलं असतं, आणि ते नुकते कुठे हात न टेकता उठायला लागले होते. दादा, अप्पा वाटून घेत होते तिला ताकद यावी म्हणून, आणि ती गपचूप पीत होती त्यांना यावी म्हणून! रागावावं की रडावं, ठरेना.

आईने ठरवायला वेळच दिला नाही. मला डबा काढायला लावला. अप्पांच्या दुधात पुरतं माप घातलं आणि स्वतःच्या कपात डॉक्टरांनी ठरवून दिलेलं घोटभर पाणी घेतलं. म्हणाली, अर्धं अर्धं पुष्कळ झालं, आता नुसतं बरोबर पिऊ. अप्पांनी तिच्या कपात वाकून पाहिलं, एक थेंब चाखून खात्री केली, मगच स्वतःचा कप तोंडाला लावला.

नंतर उठायला गेले. जमलं नाही. मी पुढे झाले, तर आईने डोळ्यांनीच मला थांबवलं. मग उठले, हात न टेकता, आणि दोन्ही कप विसळायला घेऊन गेले.

लोभ आहेच, तो तेवढा अर्धा करू नकोस.

तुझी,
धाकटी