गोठ्यातली जर्मन गाडी

दिल्ली
दि. २१ जुलै २०२४

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार. विनंती विशेष नंतर लिहितो, आधी भांडण.

तुम्ही परत तेच लिहिलंय की मी म्हशीच्या पैशाची गाडी घेतली. म्हशीचा एक रुपया त्यात नाही. तीन वर्षं ह्या यार्डात दुसऱ्यांच्या जुन्या गाड्यांखाली उताणा पडलो, त्याचे पैसे आहेत. फोनवर सांगितलं तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पवित्रानं वाचून दाखवलं तर सगळ्या उचगावाला ऐकू जातं, म्हणून लिहितोय. जपून ठेवा, परत परत लिहिणार नाही.

इथं दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला रस्त्यावर आणू देत नाहीत. मग चौदाव्या वर्षी मालक घाबरतात आणि मिळेल त्या भावाला काढतात. मी घेतलेली ती तसलीच आहे. जर्मन बनावटीची, दोन सीटची, छप्पर बटणावर मागं दुमडतं. नवी होती तेव्हा तेवढ्या पैशात आपल्या गल्लीतली सहा घरं आली असती. मला साडेतीन लाखांत मिळाली. असल्या गाडीत पैसा घेताना जात नाही, सांभाळताना जातो. मेकॅनिकला दिली तर माणूस धुतला जातो. मी स्वतः करणार आहे, म्हणून मला परवडते.

दोनच सीटा का, असं तुम्ही विचारलंय. जर्मनांना विचारायला पाहिजे.

गाडी इथं ठेवायला जागा नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात ट्रकवर चढवतोय. गोठ्यात कडेची जागा द्या. मला शिमग्यापर्यंत सुट्टी नाही. तोवर फक्त सांभाळा.

अव्वाला नमस्कार. लोभ आहे तो असू द्यावा, त्यातला थोडा गाडीला द्यावा.

आपला,
शशिधर


उचगाव
दि. ६ ऑगस्ट २०२४

चि. शशिधर यास शिवाप्पाचे आशीर्वाद.

गाडी पोचली. उतरवायला आठ माणसं लागली, कारण ती चालू होत नाही. सगळ्यांना चहा पाजला. चहाचा खर्च साडेतीन लाखांत धरला होतास का, कळव.

कडेची जागा गजराची होती. तिला पलीकडं बांधली. ती दोन दिवस दूध चोरत होती. म्हैस चाळीस वर्षं झाली बघतोय, पण गाडीवर रुसलेली म्हैस पहिल्यांदा बघितली.

गाडीत दुधाची घागर ठेवून बघितली. बसत नाही. तुझी अव्वा बसून बघायला गेली, तिला परत उठता येईना. जमिनीला एवढं चिकटून बसायचं तर पैसे कशाला द्यायचे, आपली ओसरी फुकट आहे.

तू आठवीत शाळा सोडलीस, मी काही बोललो नाही. मुरगूडला गॅरेज धरलंस, सोडलंस. उद्यमनगरात लेथवर लागलास, सोडलंस. आता हे. तर ऐक. पाडव्यापर्यंत गाडी स्वतःच्या पायानं गोठ्याबाहेर आली तर ठीक. नाही आली तर भंगारवाल्याला बोलावणार आणि ती जागा गजराला परत देणार. मी गाडीला हात लावणार नाही.

तब्येतीला जप.

शिवाप्पा


दिल्ली
दि. १७ ऑगस्ट २०२४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

पाडवा दोन नोव्हेंबरला आहे. मालकाला सुट्टी विचारली. तो म्हणाला खुशाल जा, पण परत येऊ नकोस. म्हणजे मी इथं, गाडी तिथं आणि मधे तुम्ही.

तुम्ही म्हणता मी सगळं सोडलं. सोडलं की. मुरगूडच्या गॅरेजात दोन वर्षं मला फक्त पाने पुसायला दिलं होतं, इंजिन उघडू दिलं नाही. ही गाडी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा रात्रीचं जेवण विसरलो. असं मला शाळेत कधी झालं नाही, झालं असतं तर शाळा सोडली नसती. एवढी एकच गोष्ट आहे जी मी सोडायला मागत नाही. भंगारवाल्याला दिलीत तर तिथं यायचं कशासाठी, हे मला नव्यानं शोधावं लागेल.

तुम्ही हात लावणार नाही हे समजलं. तरी कुणी लावणार असलं तर त्याच्यासाठी लिहितो. बॅटरी पुढं नाही, मागच्या डिकीत आहे. इंजिनाच्या उजव्या अंगाला पाण्याच्या नळीचं प्लॅस्टिकचं तोंड आहे, ते तडकलंय. नवीन तोंड मुंबईहून मागवावं लागतं आणि महाग पडतं. उद्यमनगरात केरबा आहे, माझ्याबरोबर लेथवर होता. त्याला तुटकं नेऊन दाखवलं तर तो पितळेचं करून देईल. माझं नाव सांगू नये, माझ्याकडं त्याची माप घ्यायची एक कॅलिपर राहिली आहे.

लोभ कमी झालाय हे कळतंय, उरलेला सांभाळावा.

शशिधर


उचगाव
दि. ४ सप्टेंबर २०२४

चि. शशिधर यास आशीर्वाद.

पाऊस चांगला आहे. दुधाला भाव नाही. गणपतीची वर्गणी मागून नेली.

गाडीला मी हात लावलेला नाही. फक्त बॅटरी बदलली, कारण पवित्रा दुधाच्या टेम्पोची जुनी बॅटरी टाकूनच देणार होती. उद्यमनगरात दुसऱ्या कामाला गेलतो, वाटेत केरबाचं दुकान लागलं. पितळेचं तोंड त्यानं दोन तासांत केलं. पैसे घेतले नाहीत. कॅलिपर पाठवून दे म्हणाला.

छप्पर उघडलं. ते आता मिटत नाही. वरून ताडपत्री टाकली आहे.

गाडी चालू झाली. आवाजच नाही. मी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा कळलं चालू आहे. एवढ्या पैशाची वस्तू आणि शेजाऱ्यालाही कळू नये, हे कसलं काम. स्टिअरिंगमागं पिवळा दिवा लागतो तो जात नव्हता. पवित्रानं त्यावर टिकली लावली. आता दिसत नाही.

भंगारवाल्याचा नंबर घेऊन ठेवला आहे.

शिवाप्पा


उचगाव
दि. १२ सप्टेंबर २०२४

प्रिय अण्णा, सा. न.

हे पत्र अप्पांना माहीत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण मी बोलायला लागले की अव्वा खांद्याशी येऊन उभी राहते.

गेल्या पाडव्याला सागरमाळावर म्हशी पळवायच्या शर्यतीत, गजरा मागं पळत असताना, अप्पा मोटरसायकलवरून पडले, गुडघा गेला, एवढं तुला सांगितलं होतं. पुढचं त्यांनी कुणालाच सांगू दिलं नाही. मोटरसायकल त्यांनी विकली. गजराला ह्या वर्षी पळवायचं नाही असं ठरवलंय. शेजारचा राजवर्धन म्हणाला मी माझ्या मोटरसायकलमागं पळवतो, तर ती जागची हलली नाही. तिला अप्पांचीच पाठ आणि अप्पांचीच हाक लागते. लहानपणापासून पाडव्याला शिंगं रंगवताना अप्पा कसे शिट्टी वाजवायचे आठवतंय? परवा रंगाचे डबे आले आणि त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकले. म्हणाले एका म्हशीसाठी कुठं उघडायचे.

आता खरं सांगते. दुपारी सगळे झोपले की अप्पा तुझ्या गाडीत जाऊन बसतात. पुढं बघून नाही. मागच्या झाकणावर आडवे बसतात, पाय सीटवर ठेवतात, मान वळवून तोंड गजराकडं. मग हळूच हाक मारतात. ती कान हलवते. मी दुधाचा टेम्पो काढताना बघितलं आणि परत आत गेले.

तू काही विचारू नकोस. विचारलंस तर ताडपत्री बांधून टाकतील.

तुझी,
पवित्रा


दिल्ली
दि. २४ सप्टेंबर २०२४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

कॅलिपर पोस्टानं पाठवली.

छप्पर मिटत नाही तर राहू दे, पाऊस संपत आलाय. उघडं असलं म्हणजे बिघडलं असं नाही, जर्मनीत मुद्दाम उघडी ठेवतात. मागच्या झाकणाचा पत्रा दिसायला पातळ आहे पण खालून पट्टी आहे, एक माणूस सहज बसू शकतो. कुणी बसणार आहे असं नाही, यार्डात सहज बघितलं म्हणून लिहिलं. डाव्या सीटच्या कडेला खटका आहे, तो ओढला की सीट पुढं सरकते आणि पायाला जागा होते. दुखऱ्या गुडघ्याचं गिऱ्हाईक इथं येतं, त्याला मी असंच सांगतो.

पहिल्या गियरमध्ये क्लच हळू सोडला तर ती माणसाच्या चालीनंही चालते. टेम्पो चालवणाऱ्याला जमेल.

शिंगाचे रंग इथं स्वस्त मिळतात. दोन डबे पाठवतोय, लाल आणि पिवळा. घरात कुठं लागले तर लागतील.

आपला,
शशिधर


उचगाव
दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. शशिधर यास आशीर्वाद.

डबे पोचले. झाकण गळत होतं, म्हणून वापरून टाकावे लागणार.

गाडीचे कागद पवित्रानं आरटीओत जाऊन केले. तिथल्या साहेबांनी विचारलं की गवळ्याला ही गाडी कशाला. तिनं सांगितलं म्हशीला पाहिजे होती. साहेब हसले, सही केली.

एक सांगायचं राहिलं. सायलेन्सर काढला. वेल्डिंगवाल्याला घरीच बोलावलं होतं, त्यानं मधूनच कापला. आवाज आल्याशिवाय म्हैस मागं येत नाही, हे लहान पोरालाही माहीत आहे. आमच्या सगळ्या मोटरसायकलींचे काढले, तसाच हा. कापलेला तुकडा चाऱ्याच्या खोलीत आहे.

आवाज चांगला आहे असं पवित्रा म्हणते.

शिवाप्पा


दिल्ली
दि. १८ ऑक्टोबर २०२४

अप्पा,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी यार्डाच्या बाहेर जाऊन दोन चकरा मारल्या.

तो सायलेन्सर मोटरसायकलचा नव्हता. त्याच्या आत जाळी आहे, जाळीला वायर आहे, ती वायर इंजिनाला विचारून पेट्रोल सोडते. तसा दुसरा सगळ्या दिल्लीत एकाच्याकडं आहे आणि तो पंचवीस हजार मागतो. मूळ सायलेन्सरची गाडी म्हणून तिला किंमत होती. माणूस आपल्या पोराचे दात काढून म्हणतो का, आता शिट्टी चांगली वाजते?

हात लावणार नाही म्हणालात ते पाळलं असतं तर बरं झालं असतं.

मी दुसरा घेणार आहे. दर महिन्याला बाजूला टाकतोय, शिमग्यापर्यंत जमतील. तोवर तुम्ही चालू करू नका. पाडव्यालाही नको. भंगारवाल्याला बोलावायचं तर बोलवा.

लोभाचं बघू.

शशिधर


उचगाव
दि. ७ नोव्हेंबर २०२४

चि. शशिधर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. चष्मा सापडत नव्हता म्हणून पाडवा झाल्यावर वाचलं.

झालं ते लिहितो. गजराची शिंगं मी रंगवली. गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. गाडीला विभूती लावली, टायरखाली लिंबू ठेवलं. पवित्रा चालवायला, मी मागच्या झाकणावर. पट्टी आहे, बसता येतं. खटका ओढून पायाला जागा केली, गुडघा दुखला नाही.

सागरमाळावर गेलो तेव्हा लोक हसायला लागले. हसू दे म्हटलं. पवित्रानं दोनदा गाडी बंद पाडली. तिसऱ्यांदा तिनं दाबली आणि, शशी, मला ती ऐकू आली. सात-आठ वर्षं झाली, मला हलगी कळत नाही, गल्लीतला लाऊडस्पीकर कळत नाही. ही आली. आधी ढुंगणातून आली, मग छातीतून, मग कानात.

मी हाक मारली. गजरा कान टवकारून उभी होती. मग निघाली. मोटरसायकलमागं पळायची तशी नाही, त्याहून जोरात. शेपूट वर, चाळ वाजत असतील, मला दिसत होते. माळाच्या टोकाला पवित्रानं ब्रेक दाबला आणि गजरानं दाराच्या बाजूनं येऊन हनुवटी माझ्या मांडीवर ठेवली. हसणारे पळत गाडीपाशी आले. मग टाळ्या झाल्या असं पवित्रा म्हणते.

दाराला तिच्या शिंगाचा ओरखडा गेला आहे. तो तसाच ठेवायचा.

गडमुडशिंगीचे एक पावणं मागं लागले, पाच लाख देतो म्हणाले. मी सांगितलं, गाडी मुलाची आहे. तो न्हाय म्हणणार.

गजराला पलीकडच्या जागेची सवय झाली आहे. कडेची जागा गाडीलाच राहील. भंगारवाल्याचा नंबर कुठं ठेवला ते आठवत नाही.

पवित्राचा गियरवर हात बरा आहे, क्लचवर पाय बरा नाही. पुढच्या वर्षासाठी चालवणारा पाहिजे. तुझ्या माहितीत कुणी असल्यास कळवणे.

शिवाप्पा


दिल्ली
दि. १६ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

चालवणारा माहितीत आहे. शाळा आठवीपर्यंत, दोन ठिकाणची कामं सोडलेला. आज तिसरं सोडलं. मालक म्हणाला काय कारण. मी म्हणालो म्हैस वाट बघतेय. त्याला वाटलं मी लग्नाचं सांगतोय, त्यानं मिठाई दिली.

येताना हत्यारं आणतोय. गोठ्याला लागून एक पत्रा पुढं काढला तर गाडी उघडायला जागा होईल. कोल्हापुरात असल्या जुन्या जर्मन गाड्या बऱ्याच आहेत, मालक त्यांना भिऊन झाकून ठेवतात. केरबाला विचारून ठेवा. त्याची कॅलिपर परत लागेल, एवढं मात्र आत्ता सांगू नका.

टिकली काढा. दिवा मी बघतो.

अव्वाला नमस्कार, पवित्राला दोन शब्द ऐकवा. लोभ पुरतोय, आता समोर बसून वाढवू.

आपला,
शशिधर

ता. क. सायलेन्सर घेत नाही. कापलेला तुकडा चाऱ्याच्या खोलीत आहे तिथंच असू द्या. त्यासाठी आत्तापर्यंत अकरा हजार जमले होते, त्यातून कोल्हापूरचं एका बाजूचं तिकीट काढलं. बाकीचे पत्र्यासाठी तुमच्या खात्यावर पाठवतोय : रु. १०,१९०.